कुत्रीच्या स्तनातल्या गाठीचा नमुना आरएनएसाठी कसा घ्यावा

ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच सर्जनशी बोलून ठेवा: गाठ निघाली की ट्रेमध्ये पडून राहता कामा नये, लगेच तुमच्या हातात यायला हवी. रक्तपुरवठा तुटला की पेशींतलं जीन एक्स्प्रेशन, म्हणजे कोणतं जनुक किती चालू आहे ते, बदलू लागतं आणि आरएनेज हे एन्झाइम आरएनएचे (जनुकांच्या संदेशाच्या प्रतींचे) तुकडे पाडायला लागतं. ते आपल्या बोटांवरही असतं, म्हणून हातमोजे बदलत राहा. मालकाची लेखी संमती आधीच घ्या.

गाठ बर्फावरच्या स्वच्छ प्लेटमध्ये घ्या, मधोमध छेद द्या आणि आधी नीट बघा. आतला भाग तपकिरी, लिबलिबीत असेल तर ती मेलेली पेशीजाल, ती सोडा. ब्लेड करकरलं, पांढरं चकचकीत काही दिसलं, तर ते कूर्चा किंवा हाड. माणसांत हे क्वचित दिसतं, कुत्र्यांत मात्र अशा मिश्र गाठी नेहमीच्या. तिथला तुकडा उचललात तर कूर्चेची जनुकं मोजाल आणि कर्करोगाच्या नावावर लिहाल. कडेचा भरीव, करडा-पांढरा भाग घ्या, चरबी काढून टाका. त्याला अगदी लागून असलेला काप १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीला (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला, थोडक्यात हिस्टो) पाठवा. ही जोडी कधीही मोडू नका. हिस्टोचा रिपोर्ट सोबत नसेल तर मी तो नमुना अभ्यासात घेत नाही.

आरएनए-लेटरमध्ये (आरएनए टिकवून ठेवणाऱ्या द्रवात) टाकायचा तुकडा एका बाजूने तरी ५ मिलिमीटरपेक्षा पातळ हवा, नाहीतर द्रव आतपर्यंत मुरत नाही. द्रव तुकड्याच्या किमान पाचपट. रात्रभर ४ अंशांवर, मग उणे ८० वर.

कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा निरोगी नमुना, त्याच कुत्रीचा असलेला बरा. कुत्रीला सहसा स्तनांच्या पाच जोड्या असतात आणि गाठी जास्त करून मागच्या दोन जोड्यांत येतात. ऑपरेशनमध्ये पुढची निरोगी ग्रंथीही निघणार असेल तर ती घ्या. नमुन्यासाठी म्हणून कुत्रीला जास्तीचा काप द्यायचा नाही. या ग्रंथीचंही हिस्टो करा. शेवटची हीट (माज) कधी होती, पिलं कधी झाली, स्पे (नसबंदी) केलंय का, हे मालकाला विचारून लिहून ठेवा. ईएसआर१ आणि पीजीआर या इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन रिसेप्टरच्या जनुकांचे आकडे या माहितीशिवाय वाचता येत नाहीत.

लॅबमधलं बरंचसं काम किटच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. डीएनेज ट्रीटमेंट (नमुन्यातला डीएनए नष्ट करणं) आणि नो-आरटी कंट्रोल (रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घालता केलेली चाचणी, डीएनए उरला आहे का ते बघायला) टाळू नका. आरआयएन (आरएनए किती शाबूत आहे ते सांगणारा १ ते १० मधला आकडा) ७ च्या खाली आला तर नमुना बाजूला ठेवा. रेफरन्स जीन (बाकीच्या जनुकांचे आकडे ज्याच्या तुलनेत मोजतात ते जनुक) म्हणून एकट्या जीएपीडीएचवर विसंबू नका: ते ग्लायकोलिसिसचं (साखर मोडून ऊर्जा मिळवण्याच्या प्रक्रियेचं) एन्झाइम आहे आणि ट्यूमरमध्ये ग्लायकोलिसिसच बदललेली असते. एचपीआरटी१, आरपीएस१९ अशी दोन-तीन जीन्स आपल्याच नमुन्यांवर तपासून घ्या.

मालकाचा फोन आला तर त्याला हिस्टोचा रिपोर्ट समजावून सांगा, ईआरबीबी२ (हर२ प्रथिनाचं जनुक) किती पट वाढलं ते नको. त्याच्या कुत्रीचे उपचार गाठीचा प्रकार, ग्रेड आणि स्टेज बघूनच ठरणार आहेत.