कॅम्परच्या गीझरचा ठिबकणारा व्हॉल्व्ह

आमच्या कॅम्परमध्ये (राहण्याची सोय असलेल्या गाडीत) गॅसवरचा सहा गॅलनचा गीझर आहे, अमेरिकेत सर्रास असतो तसा. बर्नर पेटला की बाहेरून सेफ्टी व्हॉल्व्ह (दाब किंवा तापमान फार वाढलं की उघडणारी झडप) ठिबकायचा, पाणी गार झालं की थांबायचा. एवढ्यावरून व्हॉल्व्ह गेला असं होत नाही. टाकीत वरती थोडी हवा लागते, पाणी तापून फुगलं की ती दबते. ती हळूहळू पाण्यात विरघळून संपली की सगळा दाब व्हॉल्व्हवर येतो.

ती हवा परत भरायला गीझर आणि पाण्याचा पंप बंद करून पाणी पूर्ण गार होऊ दिलं (इथे घाई म्हणजे हात भाजणं). मग आतला गरम पाण्याचा नळ उघडून व्हॉल्व्हची दांडी वर केली, धार थांबल्यावर पटकन सोडली. नळ बंद, पंप चालू.

ठिबक कमी झाली, पण थांबेना. दांडीखाली पांढरा क्षार साचला होता. शेवटी टाकी रिकामी करून नवा व्हॉल्व्ह बसवला: त्याच मापाच्या आट्यांचा, 150 पीएसआय दाबाला किंवा 210 अंश फॅरनहाइट तापमानाला उघडणारा. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली. तिथे बूच मारायचा सल्लाही मिळाला होता. तो कुणीही मानू नये, टाकी फुटू शकते. आता बर्नर चालू असतानाही व्हॉल्व्ह कोरडा आहे.