शून्याची जागा चुकते तेव्हा

‘तीन हजार सात’ सांगितलं की काही मुलं 30007 लिहितात. ऐकलेले 3000 आणि 7 ती शेजारी-शेजारी मांडतात. नुसतं ‘चूक’ म्हणून भागत नाही. पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापा: 3000 ची चार चौकोनांची, 7 ची एका चौकोनाची. उजव्या कडा जुळवून 7 ची पट्टी शेवटच्या शून्यावर ठेवायला लावा. 3007 दिसतं, आणि झाकलेलं शून्य मूल स्वतः उचलून बघतं.

मात्र दहा काड्यांचा गठ्ठा, दहा गठ्ठ्यांचा शतक हे मुलांनी आधी स्वतः बांधलेलं हवं. हा टप्पा गाळू नका.

‘अठ्ठेचाळीस’मध्ये आठ आधी ऐकू येतो, म्हणून 84 लिहिलं जातं. अशा वेळी ‘चार दशक आठ एकक’ असं म्हणवून घ्या.

मोठ्या संख्येसाठी 2011 च्या जनगणनेतली, पालघर वेगळा होण्याआधीच्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या घ्या: 1,10,60,148. फळ्यावर कोटीपासून एककापर्यंत आठ घरं आखा. लक्ष आणि हजार या घरांत शून्य येतं; मुलं नेमकी तीच गाळतात. स्वल्पविराम उजवीकडून द्यायचा: आधी तीन अंकांनंतर, मग दोन-दोन अंकांनंतर. ठाण्याचा पिनकोड 400601 मात्र ‘चार लाख’ असा वाचायचा नाही, हेही सांगा.