राणीघरं मोडण्याआधी अंडं शोधा

तीन वर्षांपूर्वी माझी एकुलती एक, भरलेली सातेरी मधमाश्यांची पेटी मी स्वतःच्या हातांनी संपवली. रोग नव्हता, मुंग्या नव्हत्या, मेणकिडाही नव्हता. मी फक्त राणीघरं, म्हणजे नवी राणी वाढते ती घरं, मोडली.

पेटी कशी उघडायची, धूर किती द्यायचा, कामकरी कोणती आणि नर कोणता, हे तुम्हाला येत असेल. मला सांगायचंय ते पेटी फुटण्याच्या, म्हणजे जुनी राणी थवा घेऊन निघून जाण्याच्या, दिवसांबद्दल. आमचं गाव कोयनेच्या खोऱ्यात. थंडी ओसरायला लागली की पिलावा, म्हणजे अंडी-अळ्या, वाढतो, पोळ्याच्या फ्रेमच्या कडांना नरांची घरं दिसायला लागतात. सातेरीत ती ओळखणं सोपं आहे. टोपण उंच असतं आणि मधोमध सुईने पाडल्यासारखं बारीक भोक असतं. नर दिसले की पुढे राणीघरं येणार, हे धरून चाला. ती फ्रेमच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी लटकतात.

मी जिथे शिकलो तिथे एवढंच सांगितलं होतं की दर आठ दिवसांनी पेटी बघा आणि राणीघरं दिसली की मोडा. मी वहीत लिहून घेतलं आणि तसंच केलं. पहिल्या रविवारी नऊ मोडली, दुसऱ्या रविवारी अकरा. नोकरी कराडला, त्यामुळे घरी येणं रविवारीच. तिसऱ्या रविवारी नात्यात लग्न होतं, पेटी बघायची राहिली. चौथ्या रविवारी झाकण काढलं तर माश्या कमी वाटल्या. थंडीने असेल म्हणालो. खाली सात राणीघरं, सगळी बंद झालेली. चाकूने एकेक कापलं. एकातून पूर्ण तयार झालेली, अजून फिकट रंगाची राणी निघाली. पाय हलवत होती. ती त्या पेटीची शेवटची आशा होती आणि मी तिला चाकूच्या टोकावर धरून बघत होतो.

रात्री जेवताना वहिनी म्हणाल्या, "भावोजी, लग्नाच्या दिवशी दुपारी मागच्या जांभळीवर माश्यांचा केवढा घड लटकला होता! संध्याकाळपर्यंत गेला उडून."

इथे नेमकं काय झालं ते नीट समजून घ्या. पुस्तकात हे वाचलं असेल, तरी पुन्हा वाचा. राणीघरातलं अंडं तीन दिवसांनी फुटतं. साधारण आठव्या दिवशी घराचं तोंड बंद होतं आणि पंधराव्या-सोळाव्या दिवशी नवी राणी बाहेर येते. जुनी राणी मात्र तिची वाट बघत थांबत नाही. पहिलं राणीघर बंद होण्याच्या सुमारास, ऊन पडलेल्या दिवशी, ती निम्म्याच्या आसपास माश्या घेऊन निघते. निघण्याआधीचे काही दिवस तिचं अंडी घालणंही कमी झालेलं असतं. म्हणजे थवा गेल्यावर आठवड्याने पेटी उघडली तर आत अंडं नसतं, कोवळी अळीही नसते. कामकरी माश्या कुठल्याही अळीपासून राणी करू शकत नाहीत, त्यासाठी तीन दिवसांच्या आतली अळी लागते. अशा वेळी ती बंद राणीघरं हीच पेटीची सगळी शिल्लक. ती मोडली की माश्यांच्या हातात काही उरत नाही.

आणि दोन रविवार नेमाने मोडूनही थवा का निघाला? एक घर नजरेतून सुटलं होतं. फ्रेमच्या कोपऱ्यात माश्यांचा थर बसतो, त्याखाली राणीघराची सुरुवातीची, अंडं असलेली वाटी दिसत नाही. फ्रेमवरच्या माश्या हलक्या हाताने झटकून बघितल्याशिवाय "राणीघर नाही" असं म्हणूच नका. खरं तर घरं मोडून फुटणं थांबत नाही, फार तर आठवडाभर पुढे जातं. एकदा पेटीने ठरवलं की ठरवलं.

पुढच्या तीन आठवड्यांत पेटीत दुसरंच सुरू झालं. एकेका घरात तीन-तीन, चार-चार अंडी, काही भिंतींना चिकटलेली. मला आनंद झाला, राणी आहे म्हणून! वाडीतल्या जुन्या मधपाळ आबांना बोलावलं. त्यांनी एक फ्रेम उन्हाकडे धरली आणि विचारलं, "घरं मोडताना अंडं बघितलं होतंस का रे?" मी गप्प. राणी नसली की कामकरीच अंडी घालायला लागतात, सातेरीत तर फार लवकर, आणि त्यातून फक्त नर निघतात. जांभूळ फुलली तेव्हा त्या पेटीत मूठभर माश्या होत्या.

म्हणून आता राणीघर दिसलं की माझा हात आधी चाकूकडे जात नाही. सूर्य पाठीशी घेऊन फ्रेम तिरकी धरतो आणि पोळ्यातल्या साध्या घरांच्या तळाशी अंडं शोधतो. राणी दिसलीच पाहिजे असं नाही, नवख्याला ती दिसतही नाही आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही. घरात एकच अंडं, तळाशी उभं, म्हणजे राणी काल-परवापर्यंत इथे होती. अंडी नाहीत आणि राणीघरं बंद आहेत, तर चाकू आवरा, सगळी मोडू नका. चांगली दोन घरं ठेवा, बाकीची काढा.

अंडी आहेत आणि राणीघरंही भरत आली आहेत, तर पेटी स्वतःच फोडा. जुनी राणी, पिलाव्याच्या दोन-तीन फ्रेम आणि एक मधाची, असं नव्या पेटीत घ्या. वर आणखी एका फ्रेमवरच्या माश्या झटका, कारण बाहेर फिरणाऱ्या माश्या जुन्या जागी परत जाणार. नव्या पेटीचं दार लहान ठेवा, साखरेचा पाक द्या. राणीघर असलेली फ्रेम आपटू नका, उलटी करू नका, आतली राणी नाजूक असते. राणी शोधताना ती सापडलीच नाही तर घाबरू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा.

दारावर जाळी लावून राणी कोंडायची, तिचे पंख कापायचे, हे उपाय मला मान्य नाहीत. पंख कापलेली राणी दारात पडते, माश्या परततात आणि नवी राणी आली की तिच्याबरोबर जातात. जाळीने नवी राणी मीलनाला बाहेरच पडू शकत नाही. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून शिकत असाल तर आधी माशी कुठली ते बघा. बहुतेक मेलीफेरा या परदेशी मधमाशीचे असतात आणि सातेरी तेवढं सोसत नाही, फार छेडलं तर सगळी पेटी सोडून जाते. शिकायचंच असेल तर ज्याच्या दारात दहा वर्षं पेट्या टिकल्या आहेत त्याच्याकडे जा, चार रविवार नुसते त्याच्या शेजारी उभे राहा. आणि एका पेटीने सुरुवात करू नका. त्या वेळी दुसरी पेटी असती तर वेळीच तिच्यातली ताज्या अंड्यांची एक फ्रेम देऊन पहिली वाचवता आली असती. पैसे कमी असतील तर वर्षभर थांबा, पण दोन घ्या.

नवी राणी येण्याच्या दिवसांत संध्याकाळी पेटीला कान लावा. बारीक, तुटक पीं-पीं ऐकू आलं तर एकीपेक्षा जास्त राण्या आहेत आणि दुसरा थवा निघू शकतो. राहिलेली घरं तेव्हा काढा. घराचं टोक गोल कापलेलं असेल तर राणी बाहेर आली, बाजूला भोक असेल तर दुसरीने तिला मारलं. त्यानंतर दोन आठवडे हात लावू नका. हे सगळ्यात कठीण आहे, मला अजून जमत नाही. दारातून परागाचे गोळे आत जाताना मोजत बसतो.

या फेब्रुवारीत मी पेटी फोडली तेव्हा झाकणावर खडूने तारीख घातली. राणीघर बंद झाल्यापासून एकविसाव्या दिवशी उघडली. आबा शेजारी उभे होते, काही बोलले नाहीत. दुसऱ्या फ्रेमवर काही नव्हतं. तिसऱ्या फ्रेमच्या मधोमध, तळहाताएवढ्या जागेत, प्रत्येक घराच्या तळाशी एकेक उभं अंडं होतं.