छर्रे डावीकडे, खाली जात होते

इंदूरच्या नेमबाजीच्या रेंजवर १० मीटर एअर पिस्तूल शिकायला लागलो. स्वतःचं घेताना किमतीआधी पिस्तुलाची मूठ पाहिली. मनगट सरळ ठेवून, हात न आवळता पुढची साइट (नेम धरायची खूण) आपोआप मागच्या खाचेत बसते का, ही खरी परीक्षा. नाव कितीही मोठं असो, मूठ बसत नसेल तर सोडा.

तरी छर्रे डावीकडे खाली जमत. उजव्या हाताच्या नेमबाजाचं हे जुनं दुखणं: ट्रिगर दाबताना अख्खी मूठ आवळली जाते. लोक लगेच साइटचे स्क्रू फिरवतात; मी तसंच ठेवलं. पिस्तुलात छर्रा नाही याची दोनदा खात्री, पांढऱ्या भिंतीसमोर ड्राय फायर, म्हणजे छर्रा न घालता ट्रिगर दाबायचा सराव. फक्त बोट, सरळ मागे. 'टक्' होताना पुढची साइट हलायला नको. नियमानं ट्रिगरला किमान ५०० ग्रॅम दाब लागतो, म्हणजे झटका मारायची गरजच नाही.

दुसरी गोष्ट नजरेची. लक्ष्यावरचं काळं वर्तुळ अंधुक, पुढची साइट स्वच्छ. मनाला हे पटायलाच वेळ लागतो! हात थरथरू लागला की पिस्तूल खाली. ओढूनताणून शॉट नाही.

छर्रे एकत्र पडू लागल्यावरच मागची साइट थोडी वर, थोडी उजवीकडे सरकवली.