बाईक अपघातानंतर नुकसानभरपाईचा दावा: या चुका टाळा

धडक बसली की पाच मिनिटांत गर्दी जमते. कारवाला पाच-सात हजार पुढे करतो, बघ्यांपैकी कुणीतरी म्हणतं, "आपसात मिटवा, कोर्टकचेरीच्या नादी कुठे लागता?" आणि बाईकवाला खरचटलेल्या अंगाने घरी जातो. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलंय हे बऱ्याचदा नंतर एमआरआय काढल्यावरच कळतं. तोवर ना कारचा नंबर हाताशी असतो, ना साक्षीदार.

जागेवर मिटवून टाकणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. उभं राहता येत असेल तर गाड्या हलवण्याआधी फोटो काढा: नंबर प्लेट, दोन्ही गाड्यांची जागा, ब्रेकच्या खुणा. ११२ ला फोन करा. मे २०२५ पासून लागू असलेल्या केंद्राच्या योजनेत जखमीला नियुक्त हॉस्पिटलात सात दिवसांपर्यंत, दीड लाखाच्या मर्यादेत कॅशलेस उपचार मिळू शकतात. पण अपघात झाल्याची पुष्टी पोलिसांकडूनच होते.

केसपेपरवरची एक ओळ

हॉस्पिटलात घरचे लोक घाबरलेले असतात. डॉक्टर विचारतात, काय झालं? भाऊ सांगतो, "गाडीवरून पडला." केसपेपरवर तेच उतरतं. पुढे विमा कंपनीचा वकील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात (अपघाताच्या भरपाईचे दावे चालतात ते कोर्ट) हाच कागद पुढे करतो: यात दुसऱ्या वाहनाचा उल्लेखच नाही, म्हणजे हा स्वतः घसरून पडला आणि आमची गाडी नंतर गोवली. खरा असलेला दावा एवढ्या एका ओळीवर अडकू शकतो, आणि मला हे सगळ्यात जास्त खटकतं, कारण ते टाळणं अगदी आपल्या हातात असतं.

पहिल्याच वेळी नीट सांगा: अमुक ठिकाणी, अमुक वाजता, अमुक नंबरच्या टेम्पोने मागून ठोकरलं. नंबर माहीत नसेल तर निदान वाहनाचा प्रकार सांगा. एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची केस) म्हणून नोंद झाली का, ते विचारा. डिस्चार्ज कार्ड हातात पडलं की बिलाआधी ते वाचा आणि चूक दिसली तर तिथेच लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

जबाबाचंही तसंच. जे पाहिलं नाही ते नातेवाइकांनी अंदाजाने सांगू नये. जखमी शुद्धीवर आला की त्याचा स्वतःचा जबाब नोंदवून घ्या. एफआयआर उशिरा झाली म्हणून दावा संपत नाही. उपचारांमुळे झालेला उशीर समजून घ्यावा, असं सुप्रीम कोर्टाने सांगितलेलं आहे. मात्र उशिराचं कारण कागदावर हवं.

"आपलीच चूक निघेल" ही भीती

हेल्मेट नव्हतं, ट्रिपल सीट होतो, लायसन्स नव्हतं, म्हणून कितीतरी लोक तक्रारच करत नाहीत. हे नियमभंग आहेत आणि त्यांचा दंड वेगळा भरावा लागतो. पण बाईकवर तिघं बसले होते एवढ्यावरून अपघाताला तेही जबाबदार ठरत नाहीत. त्याचा अपघाताशी किंवा इजेशी संबंध दाखवावा लागतो, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. लायसन्स नसणं म्हणजे आपोआप निष्काळजीपणा नव्हे, हेही त्याच कोर्टाने २००८ मध्ये सांगितलं आहे. डोक्याला मार लागला असेल आणि हेल्मेट नसेल तर भरपाईत कपात होऊ शकते. पाय मोडल्याच्या दाव्यात हेल्मेटचा मुद्दा आला तर वकिलाने तो तिथेच खोडायला हवा.

दुसरा गोंधळ विम्याचा. स्वतःच्या बाईकचा थर्ड पार्टी विमा स्वतःच्या दुखापतीचे पैसे देत नाही. त्यासाठी मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी. तो पॉलिसीत आहे का, आजच बघा. मागे बसलेल्याला फक्त थर्ड पार्टी पॉलिसीत त्या बाईकच्या विम्यातून सहसा काही मिळत नाही, पॅकेज (कॉम्प्रिहेन्सिव्ह) पॉलिसीत मिळतं.

टक्के कशाचे?

अपंगत्वाचा दाखला मिळाला की काम झालं, असं वाटतं. डॉक्टर पायाचे टक्के लिहितात. भरपाई ठरते कमाई किती घटली त्यावर. गुडघा वाकत नसेल तर टेबलावर बसणाऱ्या क्लार्कचं काम चालू राहतं, गवंड्याचं परातीसकट थांबतं. समजा ३० वर्षांचा गवंडी महिना १५,००० कमावतो. या वयाला गुणक (वर्षाच्या कमाईला वयानुसार ज्याने गुणतात तो आकडा) १७. कमाईची घट ४० टक्के धरली तर १५,००० × १२ × १७ च्या ४० टक्के, म्हणजे १२,२४,०००. वीस टक्के धरली तर बरोबर निम्मे. भविष्यातील वाढ, उपचारांचा खर्च आणि वेदनांची भरपाई त्यावर वेगळी. म्हणून दाखला देणारा डॉक्टर साक्षीला आला पाहिजे आणि तुमचं काम नेमकं काय होतं, ते साक्षीत तपशिलाने आलं पाहिजे. पगारपत्रक नसलं तरी यूपीआयचे व्यवहार, बँक पासबुक, ठेकेदाराची साक्ष चालते. काहीच नसेल तर न्यायाधिकरण अंदाजाने उत्पन्न धरतं, आणि तो अंदाज बहुधा कमीच असतो.

दावा दाखल करायची मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्याचं हे कलम १६६(३) लागू झालं. त्याला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. दावा अपघाताच्या ठिकाणीच करावा लागतो असंही नाही, तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही करता येतो. नाशिकच्या माणसाला सोलापूरजवळ झालेल्या अपघातासाठी तिथे हेलपाटे घालायची गरज नाही. ठोकरून गाडी पळाली आणि सापडलीच नाही, तर गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला २ लाख मिळतात. त्यासाठी अर्ज प्रांत किंवा तहसीलदार पातळीवर करायचा असतो. खड्ड्यामुळे पडलात तर तो वेगळा मार्ग: मुंबई हायकोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मृत्यूला ६ लाख आणि जखमींना ५०,००० ते अडीच लाख भरपाई ठरवली आहे. खड्ड्याचा फोटो त्याच दिवशी काढा, कारण तो नंतर बुजवला जातो.

शेवटी लोकअदालत. तिथे पैसे लवकर मिळतात हे खरं, आणि रक्कम योग्य असेल तर जरूर घ्या. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. पायातला रॉड अजून काढायचा असेल तर त्या ऑपरेशनच्या खर्चाचा डॉक्टरांकडून लेखी अंदाज घेऊन तो रकमेत धरलाय का, हे पाहिल्याशिवाय सही करू नका.