बोट लागण्याआधी गोळी: एडनच्या गस्तीवर पहिल्यांदा जाताना

भारतीय नौदल ऑक्टोबर २००८ पासून एडनच्या आखातात चाचेविरोधी गस्त घालतं. पहिल्यांदा जाणार असाल तर सामान मऊ बॅगेत भरा. ती रिकामी झाली की घडी करून लॉकरमध्ये जाते, कडक सुटकेसला मेसमध्ये, म्हणजे खलाशांच्या राहायच्या खोलीत, जागाच नसते. स्टीलचा डबा मोज्यात कोंबून ठेवा, नाहीतर जहाज डोलू लागलं की रात्रभर खडखडतो आणि सगळ्यांची झोप जाते.

जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो. बोट लागू नये म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्या. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. पोट रिकामं ठेवू नका, कोरडी बिस्किटं चघळत राहा. शिडीवर एक हात कायम कठड्याला.

गोडं पाणी जहाजावरच, समुद्राच्या पाण्यातून तयार होतं, म्हणून जपून वापरा. अंग ओलं करा, नळ बंद, साबण, मग भरभर धुवा.

वॉच, म्हणजे कामाची पाळी, चार तासांचा. संध्याकाळी ४ ते ८ चे मात्र दोन तुकडे पाडतात, म्हणजे रोज तीच वेळ त्याच माणसाच्या वाट्याला येत नाही. एडनमध्ये रात्रीचे ८ म्हणजे घरी १०.३०, फोन मिळालाच तर आईची झोपायची वेळ लक्षात ठेवा.