कुत्र्याचं ट्रोपोनिन तपासताय? या चुका टाळा

गंगापूर रोडच्या एका काकांचा रात्री साडेदहाला फोन. "डॉक्टर, ब्रूनोचं ट्रोपोनिन हजारपट वाढलंय हो! आधी 0.21 होतं, आज 190!" (ट्रोपोनिन म्हणजे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन; त्या स्नायूला इजा झाली की ते रक्तात चढतं.) ब्रूनो त्या वेळी त्यांच्या पायाशी बसून पोळी खात होता. रिपोर्ट दोन लॅबचे. पहिल्यात एकक नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर, दुसऱ्यात नॅनोग्रॅम प्रति लीटर. पहिल्या आकड्याला हजारने गुणलं की 210. म्हणजे हजारपट वाढ वगैरे काही नव्हतीच.

तरी हे दोन आकडे शेजारी ठेवून 'जरा उतरलंय' असंही मी म्हणालो नाही. तपासतात ते ट्रोपोनिन-आय माणसात आणि कुत्र्यात जवळजवळ सारखंच असतं, त्यामुळे माणसांच्या बऱ्याच मशिनवर कुत्र्याचा नमुना चालतो. पण प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी, आकडाही वेगळा. पुन्हा तपासायचं तर त्याच लॅबमध्ये, त्याच मशिनवर. आणि रिपोर्टच्या उजवीकडे छापलेली 'नॉर्मल' मर्यादा माणसाची असेल, तर तिच्याकडे बघूच नका. (हृदयावरचा ताण दाखवणाऱ्या एनटी-प्रोबीएनपी या दुसऱ्या रक्तचाचणीला ही सवलत नाही. ती कुत्र्यासाठीचीच टेस्ट लागते.)

सगळ्यात जास्त फसगत वेळेची होते. मे महिन्यात उन्हात कोसळलेला कुत्रा तासाभरात आणतात, लगेच रक्त काढतात, आकडा नॉर्मल येतो आणि सगळे निर्धास्त होतात. हृदयाला इजा झाल्यावर ट्रोपोनिन रक्तात चढायला काही तास लागतात; शिखर गाठायला साधारण 12 ते 24 तास. पहिला नमुना घ्याच, पण दुसऱ्या दिवशी परत या.

नमुना बिघडतो तो बहुतेक वेळा आपल्याच हातून. बारीक सुई, वळवळणारा कुत्रा, मग सिरिंज जोरात दाबून ट्यूबमध्ये रक्त सोडलं की पेशी फुटतात. सेंट्रिफ्यूजमधून काढल्यावर वरचा थर गवती चहासारखा पिवळसर दिसण्याऐवजी कोकम सरबतासारखा दिसला, तर तो पाठवू नका, नवीन रक्त काढा. मुंबईला पाठवायचं असेल तर सीरम, म्हणजे हाच वरचा पातळ थर, वेगळं करून, बर्फाच्या पॅकमध्ये. कसारा घाटात दुपारी अडकलेल्या गाडीतल्या अख्ख्या रक्ताच्या ट्यूबवर मी तरी भरवसा ठेवत नाही.

वाढलेला आकडा म्हणजे हृदयरोगच, असंही नाही. गोचीड ताप, किडनीचा आजार, पोट फुगून पीळ पडणं, उष्माघात, यांतही तो वाढतो. आपल्याकडे तर मी आधी गोचीडच शोधतो. उलट, हृदयाच्या झडपेचा आजार असलेल्या म्हाताऱ्या पॉमेरेनियनचा आकडा नॉर्मलही येऊ शकतो. तिथे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्याशिवाय सुटका नाही. बॉक्सर आणि ग्रेहाउंडमध्ये मूळ पातळीच थोडी जास्त असते. सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्यांवर पळवून आणलेल्या कुत्र्याचंही रक्त त्याच दिवशी काढू नये.

लॅबच्या फॉर्मवर जात, वय, चालू औषधं, त्रास सुरू झाल्याची वेळ आणि रक्त काढल्याची वेळ लिहा. ब्रूनोच्या फॉर्मवर फक्त 'डॉग, मेल' एवढंच लिहिलेलं होतं.